थंड असताना टिकटिक

२ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ८.

'कान आहे पोरीला!'

बाबांचं वाक्य. मी नऊ वर्षांची होते, गॅरेजच्या दारात उभी होते, आणि बाबा एका चालू इंजिनावर वाकले होते. त्या आवाजातून ओरडून म्हणाले. पस्तीस वर्षं झाली, वाक्य जसंच्या तसं आहे. पुढे मी कानाच्या दवाखान्यात लागले, लोकांना किती ऐकू येतं ते मोजायला, तेही बहुधा त्या वाक्याच्या जोरावरच.

आज आठवायचं कारण: बाबांची मोटरसायकल टिकटिक करते आहे. सकाळी किक मारल्या मारल्या ऐकली. बारीक, कोरडी, ठेका धरून. नवऱ्याला ऐकू आली नाही. लेकीला ऐकू आली नाही. मला आली.

धाकट्याला सांगायचं नाही. धाकटा म्हणजे माझा भाऊ, गॅरेज आता तोच चालवतो. बाबा गेल्यावर गाडी मला मिळाली ती त्याच्या अटीवर. म्हणाला, ताई, चालव, धू, पूस, मिरव, पण इंजिनला हात लावायचा नाही. काही वाजलं की माझ्याकडे आणायची. हात लावलास तर गाडी परत नेईन, मग रडू नकोस. मी हो म्हटलं होतं. पण तेव्हा गाडी वाजत नव्हती. न वाजणाऱ्या गाडीबद्दल दिलेला शब्द वाजणाऱ्या गाडीला लागू होतो का, हा प्रश्नच आहे.

१ मार्चला सर्व्हिसिंग. तोपर्यंत दोष शोधून, काढून, गाडी गपगुमान त्याच्यासमोर उभी करायची. मग सहज सांगायचं. सहजच.

३ फेब्रुवारी, सोमवार.

संकल्प: इंजिनला हात लावणार नाही. फक्त कान लावणार. कान लावणं म्हणजे हात लावणं नव्हे. अट मोडत नाही.

सकाळी पार्किंगमध्ये गुडघ्यांवर बसून वीस मिनिटं ऐकलं. साडीला ऑइलचा डाग. दवाखान्यात उशीर. डॉक्टरांना सांगितलं, रस्त्यात गर्दी होती. रस्त्यात मी पोचलेच नव्हते, पण गर्दी असणारच.

५ फेब्रुवारी, बुधवार. सकाळी ७.१०.

शास्त्रीय पद्धतीने जायचं ठरवलं. वहीत रकाने आखले: टिकटिक, टकटक, खटखट, खडखड, चटचट. आपली टिकटिकच आहे, पण टकटकीकडे झुकते.

नवरा चहाचा कप घेऊन खाली आला, वही बघितली, आणि विचारलं, कटकट कुठल्या रकान्यात? मी म्हटलं, तसला आवाज इंजिनात नसतो. तो म्हणाला, इंजिनात नसतो ते खरं.

मी रकान्यांच्या रेघा पुन्हा गडद केल्या.

मग खालच्या मजल्यावरचे काका आले. निवृत्त आहेत, सकाळी पार्किंगमध्ये बारा फेऱ्या मारतात. सातव्या फेरीला थांबून म्हणाले, पिस्टन गेला. गेल्या वर्षी लिफ्ट अडकली तेव्हाही हेच म्हणाले होते. मी म्हटलं, काका, ऐकू तरी येतंय का तुम्हाला? तर म्हणाले, ऐकायचं काय त्यात, गेला की जातोच.

अशा लोकांमध्ये राहून मला काम करायचं आहे.

६ फेब्रुवारी, गुरुवार.

दवाखान्यात शब्दांच्या चाचण्या होत्या. पेशंट आत बंद खोलीत, जाड दार, भिंतींना फोम. मी काचेच्या अलीकडे, माइकवर. तोंडासमोर पुठ्ठा धरायचा, म्हणजे ओठ बघून ओळखता येऊ नये. मी एकेक शब्द वाचायचा, त्यांनी तोच म्हणायचा. पान. काम. नाक. मान.

आजचे गृहस्थ बँकेतून निवृत्त. 'काम' म्हटलं की 'कान' म्हणायचे. मी फुली मारली तर भांडायला उठले. म्हणे तुम्हीच कान म्हणालात. त्यांच्या बायकोलाही आत बोलावून साक्ष द्यायला लावली. ती म्हणाली, घरी तर यांना काम हा शब्द मुळीच ऐकू येत नाही.

न आणि म यात लोक हमखास फसतात. मागे आवाज सुरू असेल तर विचारूच नका. आणि गंमत अशी की कुणी मान्य करत नाही. अर्धाच शब्द कानात शिरतो, उरलेला माणूस आपल्या सोयीने भरतो, आणि शपथ घेऊन सांगतो की असंच म्हणाले. वीस वर्षं बघते आहे.

येताना डॉक्टरांचा स्टेथोस्कोप आणला. ते वापरत नाहीत. कानाच्या डॉक्टरला छाती कशाला लागते?

८ फेब्रुवारी, शनिवार. दुपारी ३.

शनिवारी अर्धा दिवस. घरी येऊन थेट पार्किंग. स्टेथोस्कोप लावून इंजिन ऐकलं. अद्भुत! आत एक अख्खं शहर आहे. सगळीकडून टिकटिक. वर जास्त, खाली जास्त, पुढे सगळ्यात जास्त.

निष्कर्ष: टॅपेट. इंजिनाच्या डोक्यात दोन व्हॉल्व्ह असतात, हवा आत घेणारा आणि धूर बाहेर सोडणारा. त्यांना वरून टॅपेट ठोके देत असतात. टॅपेट आणि व्हॉल्व्ह यांच्यात केसाएवढी फट असते. ती फट वाढली की टिकटिक. बाबांच्या गॅरेजमध्ये दिवसातून दहा वेळा हा शब्द कानावर पडायचा. मला कुणी शिकवलं नाही, पण दारात उभं राहूनही माणूस शिकतोच.

स्टेथोस्कोपची नळी सायलेन्सरला चिकटली. वितळली. नळी तशी जुनीच होती.

९ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ११.

दुसरं मत म्हणून गॅरेजला फोन केला. रविवारी धाकटा नसतो, मिस्त्री असतात. मिस्त्री बाबांच्या वेळेपासून तिथे आहेत. तोंडावर रुमाल धरला, आवाज जाड केला, आणि म्हटलं, माझ्या मैत्रिणीच्या मोटरसायकलमध्ये टिकटिक येते.

मिस्त्रींनी दोन प्रश्न विचारले. थंड असताना वाजते का? हो. गरम झाल्यावर थांबते का? हो. मग म्हणाले, इंजिनाला सायलेन्सरची नळी जिथे जोडली आहे तिथले नट ढिले असतील. धूर फटीतून निसटतो, त्याची टिकटिक. तापलं की लोखंड फुगतं, फट बुजते, आवाज थांबतो. मैत्रिणीला नट आवळून बघायला सांगा.

आवाज न ऐकता! फोनवर! ह्याला निदान म्हणतात? बाबा असते तर आधी कान लावला असता.

फोन ठेवता ठेवता मिस्त्री म्हणाले, आणि ताई, जावईबापूंना नमस्कार सांगा.

रुमाल पातळ होता बहुतेक.

मी म्हटलं, धाकट्याला बोलू नका. ते म्हणाले, मी कशाला बोलू, मैत्रिणीची गाडी.

१२ फेब्रुवारी, बुधवार.

लेकीने फोनवर टिकटिक रेकॉर्ड केली. सतरा वर्षांची आहे, सगळ्यासाठी तिच्या फोनमध्ये काहीतरी असतं. गाडीच्या चारी बाजूंना फोन धरून म्हणाली, आई, सगळ्यात मोठा आवाज पुढून खालून येतोय, नळीपाशी. वरून नाही.

मी तिला समजावलं की फोनला माइक असतो, कान नसतो. ती म्हणाली, मामाला विचारायचं का? मी म्हटलं, मामाला विचारलंस तर तुझा फोन आणि तू दोघंही होस्टेलला.

गरम झाल्यावर आवाज थांबतो हे मात्र खरं. मला वाटतं गाडीला माझी सवय होते.

१५ फेब्रुवारी, शनिवार. दुपारी ४.

खूप विचार केला. टॅपेटपर्यंत जायला इंजिन उघडावं लागत नाही. वर दोन गोल झाकणं आहेत, ती काढायची. झाकण म्हणजे इंजिन नव्हे. डब्याचं झाकण काढलं म्हणून कुणी जेवलं असं होत नाही.

अट शाबूत आहे.

बाबांचे नट आवळायचे दोन पाने माझ्याकडे आहेत, त्यांच्या पाठीच्या ऑपरेशनच्या वेळी उशीखाली सापडले होते. हॉस्पिटलमध्ये पाने घेऊन झोपलेला माणूस. नर्सने आधी मलाच झापलं होतं.

नवऱ्याला सांगितलं, उद्या सकाळी मला कुणी हाक मारायची नाही. तो म्हणाला, धाकट्याला मारू का?

१६ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ११.४०.

झालं!!

आधी घडलेलं नीट लिहिते. झाकणं काढली. एक सहज निघालं, दुसऱ्यासाठी मी पान्यावर उभी राहिले. आत सगळं तुपासारखं चकचकीत, ऑइलने न्हालेलं. दोन मिनिटं नुसती बघत बसले. इथे मी कधीच आले नव्हते.

फट मोजायला पातळ पत्र्याची मोजपट्टी लागते. माझ्याकडे नाही. पण ज्याला कान आहे त्याला पट्टी कशाला? स्क्रू थोडा आवळायचा, किक मारायची, ऐकायचं. पुन्हा आवळायचा. असं आठ वेळा. प्रत्येक वेळी टिकटिक कमी. शेवटी दोन्ही स्क्रू बसतील तितके बसवले. फट शून्य. फटच नाही तर आवाज कुठून येणार? साधी गोष्ट आहे, इतकी साधी की गॅरेजवाल्यांना सुचत नाही.

आणि शांत. एकदम शांत. अलगद वाटी खाली ठेवावी तसं इंजिन चाललं.

खालचे काका बाराव्या फेरीला थांबले, आवाज नाही बघून म्हणाले, बंद पडली का? मी म्हटलं, चालू आहे काका. ते म्हणाले, मग पिस्टन गेला.

डोळ्यांत पाणी आलं. पेट्रोलच्या वासाने असेल.

१७ फेब्रुवारी, सोमवार.

सकाळी थंड इंजिनात दोनतीनदा टिक वाटली. दुर्लक्ष केलं. कान कधी कधी जुने आवाज ऐकतो, पेशंट सांगतात.

किक आता किती हलकी लागते! आधी सगळं अंग टाकावं लागायचं, आता पायाच्या अंगठ्याने बसते. टॅपेटचा आणि किकचा संबंध असतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मीच शोधलं म्हणायचं.

धाकट्याला काय सांगायचं त्याची दोन वाक्यं तयार केली. एक: अरे, थोडं टॅपेटचं होतं, बघून घेतलं. दोन: बाबांनी ओळखलं होतं. दुसरं म्हणताना आवाज हलतो. सरावाने जमेल.

१९ फेब्रुवारी, बुधवार. संध्याकाळी ६.

गाडी समजूतदार झाली आहे. घाई करत नाही. चढावर तर पायी चालणारे पुढे जातात, पण चढ कशाला पळत चढायचा?

सायलेन्सरमधून मधूनच फट्ट आवाज येतो. साचलेला कचरा बाहेर पडत असणार. काकांनी बाल्कनीतून चप्पल टाकली. चुकून पडली म्हणाले. दुसरी का टाकली मग?

स्टेथोस्कोप हरवल्याची चर्चा दवाखान्यात सुरू आहे. डॉक्टर म्हणाले, घेणाऱ्याला हृदय असेल असं वाटलं होतं. सगळे हसले. मीही.

२० फेब्रुवारी, गुरुवार.

आई दवाखान्यात आली होती. तिचं ऐकायचं मशीन दर सहा महिन्यांनी माझ्याकडूनच लावून घेते. दुसऱ्या कुणाचा हात कानाला लागला तर गुदगुल्या होतात म्हणे.

मशीन लावून झाल्यावर राहवलं नाही. तिला सगळं सांगितलं. टिकटिक, टॅपेट, शांतता. आणि म्हटलं, आई, बाबा म्हणालेच होते ना, कान आहे पोरीला.

आई हसायलाच लागली. पदर तोंडाला लावून. म्हणाली, अगं कान कुठला? काम! काम आहे, पोरीला घेऊन जा! मलाच म्हणाले ते. मी डबा घेऊन आले होते, तू त्या तापलेल्या नळीला बोट लावायला निघाली होतीस, ते केवढ्यांदा ओरडले. घरी येईपर्यंत तू एक शब्द बोलली नाहीस. मला वाटलं घाबरलीस.

घाबरले नव्हते. मला आठवतं. मला फार आनंद झाला होता, म्हणून बोलत नव्हते.

मी तिला सांगितलं, आई, तुझ्या उजव्या कानाचा आलेख माझ्याकडे आहे, तो अगदी उतरणीला लागलाय. ती म्हणाली, तेव्हा मी एकतीस वर्षांची होते, दूध उतू जाण्याआधी ऐकू यायचं मला. मग म्हणाली, रात्री मला म्हणाले होते, तिला तिकडे आणत जाऊ नकोस, हात काळे करायला घरात एक पुरे आहे.

तो एक म्हणजे धाकटा. तेव्हा सहा वर्षांचा होता, टायरमध्ये बसून पेरू खात होता.

आईची स्मरणशक्ती तिच्या वयाच्या मानाने चांगली आहे. पण वयाच्या मानाने.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार. दुपारी १.३०.

शंकानिरसन म्हणून चाचणी घेतली. स्वतःची. जेवणाच्या सुट्टीत.

मी आत बंद खोलीत बसले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या खुर्चीवर. रिसेप्शनवरच्या मुलीला माइकवर बसवलं. लेकीने केलेलं गाडीचं रेकॉर्डिंग मागे मोठ्याने लावलं. तिने पुठ्ठ्याआडून वीस शब्द म्हणायचे, काम किंवा कान, तिला वाटेल त्या क्रमाने. मी ऐकून सांगायचं.

पहिल्या शब्दापासून स्पष्ट ऐकू येत होतं. एकदाही अडखळले नाही. बाहेर येऊन म्हटलं, वीस?

वीसपैकी अकरा.

डोळे मिटून नुसतं ठोकून दिलं तरी दहा येतात.

मुलगी म्हणाली, मॅडम, मी एकूण दहादा काम म्हटलं आणि तुम्ही फक्त तीनदा ऐकलंत. मग तिला काय वाटलं कुणास ठाऊक, म्हणाली, डबा खायचा राहिलाय तुमचा, गरम करून देते.

आलेख फाईलला लावला नाही.

पण आवाज माझ्या गाडीचा होता. मन विचलित होणारच. आणि अकरा हे दहापेक्षा जास्त आहेत. आणि बाबा काहीही म्हणाले असोत, गाडी शांत झाली आहे की नाही? कुणी केली?

२२ फेब्रुवारी, शनिवार. दुपारी २.

दवाखान्यातून परतताना मोठ्या चौकातल्या सिग्नलला गाडी बंद पडली.

किक मारली. किकला काही लागतच नाही. कापसाच्या गादीत पाय घालावा तशी खाली जाते आणि वर येते. चाळीस वेळा मारली. मागे हॉर्न. एका रिक्षावाल्याने विचारलं, मावशी, व्यायाम चाललाय का? वाहतूक हवालदार आले, हाताने किक दाबून बघितली. हाताने! आणि म्हणाले, बाई, दमच नाही हिच्यात, कोणी केलं हे? मी म्हटलं, गॅरेजवाल्याने. ते म्हणाले, बदला गॅरेज.

नवऱ्याला बोलावलं. दोघांनी मिळून अर्धा तास ढकलली. मी हँडल, तो मागे. वाटेत एकदाही टोमणा मारला नाही. एवढं तरी कशाला चांगलं वागायचं माणसाने? मीच म्हटलं, बोल काहीतरी. तो म्हणाला, धाप लागलीये, घरी जाऊन बोलतो.

घरी जाऊनही बोलला नाही. लिंबू सरबत केलं.

संध्याकाळी ५. लेकीने मामाला फोन केला. मला न विचारता. मी ओरडले नाही. ओरडायला बसावं लागतं, आणि बसलं की उठवत नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार.

धाकटा आला. गाडीपाशी उकिडवा बसला. कान लावला नाही. किकवर पाय ठेवून नुसती दाबली, एकदा. मग नळीच्या जोडाला हात घातला. नट दोन बोटांनी फिरला.

मला विचारलं, थंड असताना वाजायची? गरम झाल्यावर थांबायची? मी हो म्हटलं. तो म्हणाला, मग एवढंच होतं ना ताई. पाच मिनिटांचं.

मग वरच्या झाकणांकडे बघितलं. एका झाकणाच्या कडेला माझ्या पान्याचे ओरखडे होते. कितीतरी वेळ बघत होता. मी म्हटलं, नुसती झाकणं काढली. तो म्हणाला, टॅपेट किती ठेवलेस? मी म्हटलं, ठेवलेच नाहीत. शून्य.

डोक्याला हात लावणं मी पुस्तकात वाचलं होतं. त्याने खरंच लावला. म्हणाला, ताई, ती फट मुद्दाम ठेवतात. तापलं की व्हॉल्व्ह वाढतो, त्याला जागा लागते. जागा नाही मिळाली तर तो बंदच होत नाही, उघडा राहतो, इंजिनातला दम निसटतो, आणि तो जळतो. वाजणारा टॅपेट बरा गं. गप्प झाला की समजायचं, आत जळायला लागलं.

काका सहाव्या फेरीला थांबले. त्यांनी तोंड उघडायच्या आत धाकटा म्हणाला, पिस्टन शाबूत आहे काका. काका चालते झाले. दोन वर्षांत हे कुणाला जमलं नव्हतं.

तयार केलेली दोन वाक्यं बोलले नाही. पहिलं तर त्याने बघितलंच. दुसरं आता माझ्याकडे नाही.

टेम्पोत गाडी चढवताना मी एका बाजूने धरली. तो म्हणाला, सोड, साडी खराब होईल. मी म्हटलं, आधीच झालीये. तरी सोडायला लावली.

२५ फेब्रुवारी, मंगळवार. संध्याकाळी ६.३०.

दवाखान्यातून थेट गॅरेजला. इंजिनाचं डोकं टेबलावर उपडं. मिस्त्रींनी जळलेला व्हॉल्व्ह माझ्या हातात दिला. फुलासारखा असतो, लांब देठ आणि चपटं तोंड. कडा करपलेली, एका बाजूने खाल्लेली. मिस्त्री म्हणाले, तुमच्या मैत्रिणीला दाखवा.

धाकटा हसला नाही. व्हॉल्व्ह माझ्या हातातून घेऊन फडक्यात गुंडाळला.

म्हणाला, गाडी नीट होईल. पण इथेच राहील. मी म्हटलं, अट माहीत आहे. रडणार नाही असंही म्हणायचं होतं, पण ते वाक्य धोकादायक होतं.

मग मी स्टूल ओढून बसले, तो डोकं साफ करत होता ते बघत. पाच मिनिटं झाली नसतील, म्हणाला, ताई, तू घरी जा. घरचं माणूस इथे नको, माझं लक्ष लागत नाही. बाबाही कुणाला बसू द्यायचे नाहीत. मी म्हटलं, तुला बसू दिलं. तो म्हणाला, मला बसवलं, बसू दिलं नाही. मला चित्रकलेच्या क्लासला जायचं होतं.

हे मला माहीत नव्हतं. सहा वर्षांचा होता तेव्हापासून मी त्याचा हेवा करते आहे, आणि हे माहीत नव्हतं.

विचारलं, तू बाबांना सांगितलं नाहीस? म्हणाला, सांगितलं होतं. इंजिन चालू होतं.

मिस्त्री दुसरीकडे बघत होते. मी स्टूल जागेवर ठेवलं आणि निघाले. फाटकापर्यंत आला सोडायला. म्हणाला, डॉक्टरांना नवीन नळी घेऊन दे. लेक मामाला सगळंच सांगते वाटतं.

१ मार्च, शनिवार. सकाळी ९.

सर्व्हिसिंगचा दिवस. न्यायला गाडी नाही. पार्किंगमध्ये तिच्या जागी ऑइलचा डाग आहे, खालच्या काकांनी त्यावर कुंडी ठेवली.

रात्री सगळे संकल्प वाचून काढले. हात लावणार नाही, लावणार नाही, लावणार नाही, झालं. चार पानांत एकही 'कसं करतात?' नाही. कुणाला विचारलंच नाही. एकदा विचारलं ते तोंडावर रुमाल धरून, आणि मिळालेलं उत्तर घेतलं नाही.

धाकट्याला निरोप लिहिला आहे. पाठवायच्या आधी इथे उतरवून बघते. तिसरा खर्डा. पहिल्या दोनांत सबबी होत्या, त्या काढल्या. एक राहिली होती, तीही आत्ता काढली.

'गाडी मागत नाही. तुझ्याकडेच राहू दे. शनिवारी मला अर्धा दिवस असतो, दोन ते सहा. मला शिकायला ठेव. बसू नको म्हणालास, तर बसणार नाही, उभं राहून नट धुवीन. मिस्त्रींसमोर ओरडलास तरी चालेल. ताई म्हणून सोडू नकोस. मी चव्वेचाळीस वर्षांची आहे आणि मला पाना धरता येत नाही, हे मी पहिल्यांदाच कुणाला लिहिते आहे. तू नाही म्हणणार, मला माहीत आहे. पाठोपाठ आईचाही फोन येईल, नको म्हणून. तरी विचारते. पुढच्या शनिवारी येऊ का?'